जुनं मेटॅग रिंगर मशीन, काही महिन्यांच्या वापरानंतर: आधी रोलर बघा

ई मालिकेतलं मेटॅग, म्हणजे अमेरिकी कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन. चौकोनी ॲल्युमिनियमचा टब, वर फिरवता येणारा रिंगर, म्हणजे दोन रोलरांमधून कपडे पिळणारा भाग. मेटॅगने १९८३ मध्ये रिंगर मशीन बनवणं थांबवलं, तरी घुसळणी (टबात कपडे घुसळणारा भाग) आणि गिअर इतके दणकट आहेत की धुलाईबद्दल तक्रार नाही. मळकट कॉलरसुद्धा दहा-बारा मिनिटांत निघते. लिहायचं आहे ते रिंगरच्या दोन रबरी रोलरांबद्दल, कारण मशीन घेताना बहुतेक जण मोटर फिरवून बघतात आणि रोलरकडे ढुंकूनही बघत नाहीत.

रोलर आवळलेल्या स्थितीत मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की रबर टेकलेल्या जागी कायमचं चपटं होतं. मग प्रत्येक फेऱ्याला धप् असा आवाज येतो आणि पिळलेल्या कपड्यावर ठरावीक अंतराने ओला पट्टा राहतो. ते अंतर मोजा. ५ सेंमी व्यासाच्या रोलरचा परीघ १५.७ सेंमी असतो. पट्टे तेवढ्याच अंतरावर असतील तर दोष रोलरचा आहे, उगाच स्प्रिंग बदलू नका.

पहिल्या काही आठवड्यांत मत असं होतं की रोलर घासले की भागतं. १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा, रोलर काढून हाताने फिरवत घासायचा. वरचा चकाकता, कडक थर निघतो आणि कपडा पुन्हा पकडला जातो. खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे हा उपाय फार आवडला होता. आता तो सरसकट सुचवणार नाही. घासल्याने पकड परत येते, गोलाई येत नाही, आणि रबर आतून तडकलेलं असेल तर त्याचे कण पांढऱ्या कपड्यांवर उतरू लागतात. नख दाबून बघा. खूण उमटून लगेच विरली तर घासणं पुरेल. नख रुतलंच नाही किंवा भेग उघडली, तर नवं रबर चढवून घेण्यावाचून इलाज नाही, आणि इथे पैसे वाचवू नयेत.

रबर चढवणाऱ्याला व्यास सांगताना रोलर मधोमध मोजू नका, तो भाग झिजलेला असतो. टोकापासून १ सेंमी आत मोजा, तिथे कपडा सहसा जात नाही. ईपीडीएम रबर मागा. ते गरम पाणी आणि सोडा दोन्ही सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं. म्हणून रिंगरच्या गिअरमधून तेल झिरपत असेल तर आधी ती गळती थांबवा. परत आलेला रोलर दोन्ही टोकांना कॅलिपरने तपासून घ्या. व्यासात फरक असला की कपडा तिरका सरकत एका कडेला गोळा होतो. टोकांचे बुश, म्हणजे रोलरचा दांडा ज्यांत फिरतो ते भाग, तेही त्याच वेळी बघा (काही जुन्या रिंगरमध्ये ते तेलात मुरवलेल्या लाकडाचे असतात). ते लंबगोल झिजले असतील तर नवा रोलरही एकाच बाजूला दाबतो.

दाबाचा स्क्रू पूर्ण आवळायची गरज नाही. मध्यम दाबावर चादर दोनदा काढली की जास्त कोरडी होते आणि मोटरही कण्हत नाही. बटणं आणि चेन घडीच्या आत घ्या, इलॅस्टिकचे कपडे हाताने पिळा. काम संपलं की दाब सोडायचाच, एका रात्रीसाठीसुद्धा आवळून ठेवायचा नाही.

सुरक्षेचा खटका दर वेळी, पहिला कपडा घालण्याआधी तपासा. जाड टॉवेलची घडी रोलरमध्ये जाऊ द्या आणि खटका दाबा. रोलर त्याच क्षणी सुटले पाहिजेत. अडखळत सुटत असतील तर रिंगर वापरू नका. बोट अडकल्यावर दुसरी संधी मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. घुसळणी शाफ्टवर घट्ट बसली असेल तर हातोडी नको, बेकेलाइटची असेल तर तडकते. शाफ्टच्या फटीत गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग टबात गरम पाणी भरा आणि खालून दोन्ही बाजूंनी सारखी ओढा. बसवताना दात्यांना ग्रीस लावा आणि धुलाई संपली की काढून ठेवा. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर शाफ्टच्या सीलमधून पाणी शिरतंय. नुसतं तेल बदलून काही होत नाही, सील बदला. जुन्या वायरींचं रबर भुगा झालेलं असतं. तीन तारांची नवी वायर, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ओल्या हाताने मशीनला शिवू नका.

हे मशीन ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं आहे. ५० हर्ट्झवर मोटर मिनिटाला १७२५ ऐवजी साधारण १४४० फेरे घेते आणि पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर जास्त तापते. ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टच्या आसपास देणारा घ्या, १५०० व्हीए क्षमतेचा तरी हवा, कारण सुरू होताना मोटर चालत्या करंटच्या कितीतरी पट ओढते. धुलाईची वेळही एक-पंचमांश वाढवा.

आणि ॲल्युमिनियमच्या टबात धुण्याचा सोडा टाकू नका. तो धातू खातो. काळवंडलेला टब सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने उजळतो, पण पडलेले खड्डे भरत नाहीत. सोडा वापरायचाच असेल तर चिनी मुलामा दिलेल्या टबाचं मॉडेल शोधा.