आयनॅचरलिस्ट : ज्ञात क्षेत्राबाहेरच्या माशाची नोंद करताना

गोड्या पाण्यातला मासा त्याच्या ज्ञात विस्तारक्षेत्राबाहेर आढळला, तर तो नेमका कोणता, कोणत्या प्रवाहात आणि कोणत्या दिवशी मिळाला, याचा पुढे कोणालाही तपासता येईल असा पुरावा लागतो. 2008 मध्ये सुरू झालेली 'आयनॅचरलिस्ट' ही सजीवांच्या छायाचित्रांसह नोंदी ठेवणारी आणि इतर सदस्यांकडून त्यांची ओळख पटवून घेणारी विनामूल्य सेवा मी केवळ याच कसोटीवर पाहिली.

छायाचित्र, तारीख, अक्षांश-रेखांश आणि त्यांच्या अचूकतेची त्रिज्या एकाच नोंदीत राहते, हे तिचे मोठे बळ आहे. ती त्रिज्या जरूर तपासावी, कारण पाच मीटर आणि पाच किलोमीटर यांत कधी कधी संपूर्ण खोरे बदलते, आणि माशाच्या बाबतीत खोरे हेच खरे ठिकाण असते. किमान दोन ओळखी असून दोन तृतीयांशांहून अधिक ओळखकर्ते एकाच प्रजातीवर सहमत झाले, की नोंद संशोधन दर्जाची ठरते. परवाना मुक्त असल्यास ती पुढे 'जीबीआयएफ' या जागतिक जैवविविधता संग्रहात जाते, म्हणून परवान्याची निवड आधीच पाहून घ्यावी.

या कामासाठी मात्र एक मूलभूत अडचण आहे. छायाचित्रावरून नाव सुचवणारी संगणकीय प्रणाली त्या परिसरात अपेक्षित असलेल्या प्रजातींनाच प्राधान्य देते. आपण शोधतो तो मासा तर तिथे अपेक्षितच नसतो. परिसराची ही गाळणी काढून सूचना पुन्हा पाहाव्यात आणि त्यानंतरही त्यांना केवळ सूचनाच मानावे. डास नियंत्रणासाठी जगभर सोडल्या गेलेल्या गँबुझिया या लहान माशाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या अफिनिस आणि होलब्रुकी या दोन प्रजाती वेगळ्या करताना पाठीवरच्या पराचे अर (पराला आधार देणाऱ्या काड्या) मोजावे लागतात आणि नराच्या रूपांतरित गुदपराची सूक्ष्म रचनाही पाहावी लागते. हातात धरलेल्या, पर मिटलेल्या माशाच्या छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, आणि तेथे कितीही जणांचे एकमत झाले तरी ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. अरुंद काचपात्रात स्वच्छ पाणी भरून, डावी बाजू समोर ठेवून आणि पर उघडलेले असताना काढलेले छायाचित्र मला सर्वांत उपयुक्त वाटते.

संकटग्रस्त प्रजातींचे स्थान ही सेवा 0.2 अंशांच्या चौकटीत झाकते. ते योग्यच आहे, पण त्या चौकटीत दोन वेगवेगळी खोरी मावू शकतात. तेव्हा नेमके स्थान विश्वासातल्या अभ्यासकाला स्वतंत्रपणे उपलब्ध करून द्यावे.

प्रकाशित करण्याजोग्या विस्तारनोंदीसाठी संग्रहालयात ठेवलेला नमुना आणि जनुकीय तपासणीसाठी इथेनॉलमध्ये जपलेला पराचा तुकडा यांचे महत्त्व मी अधिक मानतो. अर्थात, नमुना घेण्याची रीतसर परवानगी आधी हवी. तो जमा झाल्यावर त्याचा नोंदणी क्रमांक आयनॅचरलिस्टवरील टिपणात लिहावा, म्हणजे छायाचित्र पाहणाऱ्याला प्रत्यक्ष माशापर्यंतही पोहोचता येते.