१४ महिने वापरलेला एसएमपीएस: पंखा फिरला नाही म्हणून मेला समजलो

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. या सप्लायबद्दल मी तिसऱ्या महिन्यातच लिहिणार होतो, ते केवळ त्याच्या शांततेसाठी. ६५० वॅट, फुल मॉड्युलर (सगळ्या केबल काढता येतात), गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) वगैरे आहेच. मी तो घेतला एकाच गोष्टीसाठी: लोड कमी असला की पंखा पूर्ण बंद. आधीच्या सप्लायची घरघर सात वर्षं ऐकली होती. रात्री लिहायला बसलं की आता फक्त कीबोर्ड ऐकू येतो. या सुखासाठी मी चार पैसे जास्त मोजले आणि कधी पस्तावलो नाही.

गेल्या महिन्यात शॉर्ट झाला. जुनी हार्ड डिस्क जोडून मशीन चालू केलं, कॅबिनेटमध्ये 'टक्' झालं, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि सगळं बंद. बटण दाबून काही होईना. मदरबोर्डवरचा बारीक दिवा मात्र लागलेला होता. तो सप्लायच्या ५ व्होल्ट स्टँडबायवर, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या भागावर, जळतो, म्हणजे निदान तेवढा भाग शाबूत होता. पण नाकात जळका वास असताना हे सुचत नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्याने दोन प्रश्न विचारून निकाल दिला: सप्लाय गेला, पाठवून द्या, जळाल्याची खूण दिसली तर वॉरंटी मिळणार नाही. न बघताच! माझं डोकं फिरलं. ओळखीतल्या एकाने सप्लाय उघडून बघ म्हणून सांगितलं. ते कुणीही करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरतील असं नाही.

मी यू-पिनची चाचणी केली, म्हणजे मशीनशिवाय नुसता सप्लाय चालू होतो का ते बघितलं. सगळ्या केबल काढल्या, फक्त मदरबोर्डला जाणारी २४ पिनची ठेवली, तीही बोर्डातून काढून. मागचा स्विच बंद असताना हिरवी वायर आणि शेजारची काळी यू-पिनने जोडली, मग स्विच चालू. पंखा ढिम्म. झालं, गेलाच म्हणायचा. एक स्टार द्यायचं ठरवून रिव्ह्यू लिहायलाही घेतला.

त्यात शांत पंख्याचं कौतुक लिहिता लिहिता हात थांबला. लोडच नसेल तर हा सप्लाय पंखा फिरवेल कशाला? मागच्या बाजूला पंखा सतत चालू ठेवायचं बटण आहे, वर्षभरात मी त्याला हात लावला नव्हता. ते दाबलं आणि पंखा फिरला. मल्टिमीटर लावला: पिवळ्या वायरवर (१२ व्होल्ट हवेत) १२.०८, लालवर (५ हवेत) ५.०३, नारिंगीवर (३.३ हवेत) ३.३१. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्टला ११.४ ते १२.६. सप्लाय ठणठणीत होता. एक स्टारचा मसुदा पुसून टाकला.

सगळं परत जोडून बटण दाबलं. सीपीयूचा पंखा पाव फेरा फिरून थांबला. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. मागचा स्विच बंद करून पाच मिनिटं थांबलो, तर परत तोच पाव फेरा. तेव्हा उलगडा झाला: पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, तो दिसताच सप्लाय स्वतःला बंद करतो आणि मेन्स तोडून थोडं थांबल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही. पंख्याच्या दिव्यांवर दोन पानं आहेत!

मग ग्राफिक्स कार्ड काढलं, फरक नाही. डिस्कची केबल काढली आणि मशीन सुरू झालं. दोषी निघाला जुन्या मोलेक्सवरून साटा करणारा (जुन्या पद्धतीच्या पॉवर प्लगला डिस्कचा नवा प्लग जोडणारा) अडॅप्टर, वायर प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेला. पिवळ्या आणि काळ्या वायरच्या मध्ये तांबूस फोड आला होता. नखाने दाबला तर कवच तडकलं आणि आत तांब्याच्या तारा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या. सप्लायसोबत आलेली दुसरी साटा केबल १४ महिने पिशवीत पडून होती. मागचं पॅनेल उघडायचा कंटाळा म्हणून मी हा अडॅप्टर लावला होता. आता तीच केबल लावली. (जुन्या सप्लायची मात्र लावू नका. प्लग सारखा दिसतो, पण सप्लायकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.)

डिस्क वाचली, बोर्ड वाचला, कार्ड वाचलं. ते सप्लायनेच वाचवलं, म्हणून त्याला पाच. सर्व्हिसला एकही नाही. पंखा मी परत शांत मोडवर टाकलाय आणि त्या बटणाशेजारी कागदी पट्टी चिकटवलीय: 'तपासण्याआधी हे दाबा'.