‘वंडर’ की ‘द हंड्रेड ड्रेसेस’: आधी कोणतं द्यावं?

“ती ना, विचित्रच आहे.” वर्गातल्या एखाद्या मुलीबद्दल आपलं मूल हे सहज बोलून जातं आणि आपण जरा चपापतो. रागावून उपयोग नसतो. अशा वेळी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दोन इंग्रजी कादंबऱ्यांची नावं हमखास पुढे येतात. दोन्हींचा विषय एकच, वर्गाने दूर ठेवलेलं मूल. पण वाचणाऱ्याला त्या अगदी वेगवेगळ्या जागी बसवतात.

आर. जे. पलासिओ यांची ‘वंडर’ २०१२ सालची. जन्मापासून चेहऱ्याची ठेवण वेगळी असलेला दहा वर्षांचा ऑगी पाचवीत पहिल्यांदाच शाळेत जातो. पुस्तक तीनशेहून जास्त पानांचं असलं तरी प्रकरणं इवलीशी आहेत, त्यामुळे वाचनाचा कंटाळा असलेली मुलंही पुढे सरकत राहतात. ऑगी, त्याची बहीण व्हिया, मित्र जॅक अशी सहा मुलं आळीपाळीने गोष्ट सांगतात. व्हियाचा भाग मला सगळ्यांत खरा वाटतो. भावावर तिचा जीव आहे, तरी नव्या शाळेत तो आपल्यासोबत दिसू नये असंही तिला वाटतं. ऑगीला छळणाऱ्या ज्युलियनला मात्र इथे बोलायला मिळत नाही. शेवटी ऑगीला पदक मिळतं, अख्खं सभागृह उभं राहतं. मुलांना हे फार आवडतं. मला खटकतं, कारण एकट्या पडलेल्या मुलाने आधी असामान्य ठरायचं आणि मग आपण टाळ्या वाजवायच्या, असा त्याचा अर्थ होतो. हळव्या मुलाला देण्याआधी एवढं माहीत असू द्या: जॅकचं एक वाक्य फार जिव्हारी लागणारं आहे, आणि घरातला कुत्रा मरतो.

एलिनॉर एस्टिस यांची ‘द हंड्रेड ड्रेसेस’ १९४४ ची, जेमतेम ऐंशी पानांची. पोलिश घरातली वांडा रोज तोच विटका निळा फ्रॉक घालून येते आणि म्हणते, घरी माझे शंभर ड्रेस आहेत. पेगी तिला रोज खिजवते. पण गोष्ट आपण बघतो ती मॅडीच्या नजरेतून, आणि मॅडी नुसती शेजारी उभी असते. ती स्वतः गरीब, पेगीचे जुने कपडे घालणारी. “हे थांबव” अशी चिठ्ठी ती पेगीला लिहायला घेते आणि फाडून टाकते, कारण उद्या आपलाच नंबर लागला तर? मुलं गप्प का राहतात, ते या फाडलेल्या चिठ्ठीत जितकं कळतं तितकं ‘वंडर’च्या तीनशे पानांत मला कळलं नाही. पुढे वांडाने काढलेल्या शंभर ड्रेसच्या चित्रांना बक्षीस मिळतं, पण तोवर तिचं कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं. समोरासमोर माफी मागायची संधी मॅडीला मिळतच नाही.

मूल स्वतः वेगळं पडलेलं असेल किंवा एकट्याने वाचणार असेल, तर ‘वंडर’ घ्या. सोबत मिळाल्यासारखं वाटेल. वर्गात मोठ्याने वाचायचं असेल किंवा आपलं मूल बघ्यांपैकी आहे अशी शंका असेल, तर ‘द हंड्रेड ड्रेसेस’. माझं मत विचाराल तर आधी हीच. बहुतेक मुलं ऑगीपेक्षा मॅडीच्या जागी जास्त वेळा उभी असतात. वांडाच्या वडिलांचं पत्र बाई वर्गात वाचून दाखवतात, तिथे आपणही थोडं थांबावं आणि लगेच “यातून काय शिकलास?” असं विचारू नये.