जुनी प्लिमथ सेडान: बेळगाव भागात घ्यायची तर आधी काय बघाल

प्लिमथ ही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची गाडी. तिची किंमत क्रोम बघून ठरवू नका. १९४९ ते १९५२ च्या या सेडानचं इंजिन सहजासहजी हार मानत नाही. पैसा खातात ते ब्रेक, वायरिंग आणि कागदपत्रं. आपल्याकडे हीच गाडी डॉज किंग्सवे म्हणूनही दिसते. अंग प्लिमथचं, तोंडावर बिल्ला डॉजचा. क्रायस्लरने निर्यातीसाठी काढलेली ही आवृत्ती, त्यामुळे बरेचसे सुटे भाग सारखेच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या आणि पुढे ती फियाटकडे वळली.

गाडीत टोपी घालून ताठ बसता आलं पाहिजे, हा क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांचा हट्ट. म्हणून छत उंच आणि सीट खुर्चीसारखी. दिसायला गाडी जरा ठोकळेबाज वाटते, पण फेटा बांधलेले आजोबा मागे आरामात बसतात. यात आम्ही केलरच्या बाजूने.

इंजिन साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला), सहा सिलिंडर, २१७.८ घनइंच (सुमारे ३,५७० सीसी), ९७ अश्वशक्ती. ओढ खालच्या फेऱ्यांतच मिळते, त्यामुळे वंटमुरीच्या चढाला सारखे गिअर बदलत बसावं लागत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर, गिअर तीन. पहिल्याला सिंक्रोमेश (फिरते दाते जुळवून गिअर अलगद बसवणारी सोय) नाही. गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) फट इंजिन गरम असताना लावायची: इनलेट ८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १० थाऊ. टॅपेट अजिबात वाजत नाहीत म्हणून विकणारा खुशीत असेल तर सावध राहा. एक्झॉस्टला फट उरली नाही की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगसाठी लांब जायला नको, उद्यमबाग किंवा कोल्हापूरचं उद्यमनगर पुरे. मात्र हेड गॅस्केट मागवण्याआधी हेडवर टेप धरा. अमेरिकन ब्लॉकचं हेड साधारण साडेतेवीस इंच, कॅनडाच्या ब्लॉकचं पंचवीस. एकाचं गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही.

गाडी तापते अशी तक्रार असेल तर लोक आधी रेडिएटर बदलतात. खरा दोष बऱ्याचदा वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या आत लपलेला असतो. तिथे पत्र्याची एक लांब चपटी नळी आहे. तिच्या भोकांतून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी पोचतं. ती गंजून फुटली की पाणी पुढेच घुटमळतं आणि मागचे दोन सिलिंडर भाजून निघतात, काटा मात्र ठीक दाखवतो. रेडिएटर आणि पंप उतरवून, आकडा घालून नळी ओढावी लागते. सडलेली असेल तर तुकड्यातुकड्याने येते. नवी पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या. ब्लॉकचे वेल्च प्लग (पाण्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या चकत्या) काढून आतला गाळही त्याच वेळी खरवडून काढा, नाहीतर नवी नळीही फुकट.

ब्रेकमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर असतात. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून, शू ज्यांवर फिरतात त्या अँकर पिना फिरवून मध्यावर आणले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते. मिस्त्री नुसते शू ड्रमजवळ सरकवणारे कॅम आवळून मोकळा होत असेल तर चोर्ल्याचा उतार विसरा. हँडब्रेक चाकांना नाही, गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर आहे. गिअरबॉक्सची मागची ऑइल सील गळली की हँडब्रेकचं लायनर तेलात भिजतं. मागचा हब अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) घट्ट बसतो. पुलर (हब ओढून काढायचं अवजार) न लावता हातोड्याने ठोकलात तर बेअरिंगची वाट लागते. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे. पंक्चरवाल्याने गन लावण्याआधी त्याला हे सांगाच.

वीज ६ व्होल्ट, अर्थ पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. स्टार्टर रडतो म्हणून १२ व्होल्ट करायची घाई नको; आधी बॅटरीची केबल बघा. निम्म्या व्होल्टला करंट दुप्पट लागतो, तिथे कुणीतरी आताच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. ५० ते ७० चौरस मिलिमीटरची घाला आणि अर्थचा सांधा लख्ख घासा. इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगतात, तेव्हा इथेनॉल सोसणारेच घ्या.

खानापूरकडच्या पावसात राहिलेली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर आणि दारांचा खालचा पत्रा टोचून बघा. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, लॅमिनेटेड काचेतून कापून घेता येते. १९५३ पासून एकच वळणदार काच आली, ती फुटली की शोधाशोध.

राहिले कागद. महाराष्ट्र पासिंगची गाडी इकडे कायमची आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते. इंजिन नंबर डाव्या बाजूला, जनरेटरच्या वर ब्लॉकवर ठोकलेला असतो. तो आरसीशी स्वतः ताडून बघा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. म्हणून डिझेल इंजिन घातलेली प्लिमथ कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही तिला हात लावणार नाही. फिक्या रंगाची, पण मूळ इंजिनाची आणि सगळे भाग जागेवर असलेली गाडी बघा. तिच्यासाठी थोडे जास्त मोजले तरी चालेल.