दुकानातला इंटरनेट फोन: एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यानंतर

आमचं गोव्यातल्या फोंड्यात पाण्याचे पंप आणि त्यांच्या मोटारींचं दुकान आहे. दुरुस्तीची शेड कुंडई औद्योगिक वसाहतीत, आणि म्हापशाला भाऊ सांभाळतो ती छोटी शाखा. गेल्या दिवाळीच्या आधी तिन्ही ठिकाणी इंटरनेटवरचे फोन घेतले. आता जुलै सरत आलाय. म्हणजे कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) पाणी लावायचा हंगाम आणि विजेच्या झटक्याने मोटारी जळायचा हंगाम, दोन्ही या फोनांनी बघितले. कंपनीचं नाव देत नाही. सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच असतात. चार पानं भरून सोयी, आणि ज्यावर आमचा धंदा अडतो त्या गोष्टी कुठेतरी कोपऱ्यात एका ओळीत.

आमची व्यवस्था क्लाऊडवरची आहे. म्हणजे कॉल जोडून देणारं एक्स्चेंजचं यंत्र दुकानात नाही, ते कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. आपल्याकडे फक्त टेबलावरचे फोन, इंटरनेटची वायर आणि सेटिंगचं एक वेबपान. दुसरा प्रकार यंत्र आपल्याच दुकानात ठेवण्याचा. त्या डब्याच्या आत बऱ्याचदा ॲस्टरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराने १९९९ मध्ये स्वतःच्या छोट्या कंपनीला एक्स्चेंज परवडेना म्हणून ते लिहिलं. फुकटच्या गोष्टीवर चकचकीत स्टिकर लावून विकणारेही भेटले, पण तो डबा सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो आमच्याकडे नाही, त्यामुळे क्लाऊड.

विकायला आलेल्या माणसाच्या तोंडी नंबर, एक्स्टेंशन आणि चॅनल एकाच दमात येतात. पैसे मात्र तिन्हींचे वेगळे. नंबर म्हणजे गिऱ्हाईक फिरवतं तो. एक्स्टेंशन म्हणजे आतले फोन: काउंटरचा १०१, शेडचा १०२, म्हापशाचा २०१. यांचं आपसात कितीही बोलणं झालं तरी आम्हाला बिल नाही, आणि फोंडा-म्हापसा रोजचं बोलणं बघता हीच मोठी बचत. चॅनल म्हणजे एका वेळी बाहेरच्यांशी किती कॉल चालू राहू शकतात. चॅनल भरले की पुढच्याला एंगेज टोन, मग तुमच्याकडे एक्स्टेंशन वीस का असेनात. आणि एक खोच पत्रकात नसते: आलेला फोन फिटरच्या मोबाइलवर वळवला की तो एक कॉल दोन चॅनल खातो, एक येणारा आणि एक जाणारा. जाणाऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून. वर फिटरला मोबाइलवर गिऱ्हाइकाचा नंबर दिसत नाही, दुकानाचाच दिसतो. निदान आमच्याकडे तरी तसंच. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा प्रत्येक बागायतदाराला पाणी आजच्या आज हवं असतं, तेव्हा आम्ही चॅनल वाढवून घेतले.

जुन्या लँडलाइनचं काय करायचं हा सगळ्यांचाच प्रश्न असेल. तो ०८३२ चा नंबर आमच्या पाटीवर, बिलांवर आणि कितीतरी विहिरींच्या पंपघरात खडूने लिहिलेला आहे. आपल्याकडे नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर २०११ मध्ये आली ती मोबाइलपुरती. लँडलाइनला ती नाही. म्हणून जुनी लाइन भाडं भरून जिवंत ठेवली आहे आणि तिच्यावरचे सगळे कॉल नव्या नंबरावर वळवले आहेत. थोडा जादा खर्च आहे, पण पंपघरांच्या भिंती पुसत कोण फिरणार?

खरी किंमत वसूल झाली ती फोन कुणाकडे, किती वेळ वाजायचा हे ठरवण्यात. याला रिंग ग्रुप म्हणतात. सगळे फोन एकदम वाजवता येतात किंवा एकामागून एक. एकदम वाजले की काउंटरवाल्याला वाटतं शेडमधला घेईल, शेडमधल्याला वाटतं काउंटरवाला घेईल. सध्या पंधरा सेकंद वहिनींच्या काउंटरवर, मग शेडमध्ये, मग म्हापशाला, आणि तिथेही कुणी नसेल तर ज्या फिटरची पाळी त्याच्या मोबाइलवर. कॉल क्यू ही वेगळी गोष्ट: त्यात गिऱ्हाइकाला संगीत ऐकवत रांगेत उभं करतात. दहा माणसं नुसती फोनला बसलेली असतील तिथे ते ठीक. मोटार जळालेल्या माणसाला बासरी ऐकवली तर तो पुढच्या दुकानात जातो.

वेळेप्रमाणे नियम लावायची सोय मात्र गोव्यासाठीच केल्यासारखी वाटते. दुपारी १ ते ३.३० शटर खाली. तेवढ्या वेळात आलेला फोन काउंटरवर वाजतच नाही, यंत्रणाच दुकान किती वाजता उघडेल ते सांगते आणि निरोप घेते. निरोपाची ध्वनिफीत ईमेलवर येते. चवथीचे म्हणजे गणपतीचे दिवस, गावची जत्रा, शिगमो अशा सुट्ट्या आधीच कॅलेंडरात घालून ठेवता येतात. चवथीला कुंकळ्येकरांपासून पेडणेकरांपर्यंत सगळे आपापल्या घरी असतात, तेव्हा दुकानात फोन वाजत ठेवण्यात अर्थ नसतो. फक्त पाण्याची टाकी रिकामी असलेल्या हाउसिंग सोसायट्यांसाठी एक पर्याय उघडा ठेवलाय.

आता आयव्हीआर, म्हणजे ‘अमुकसाठी एक दाबा’. कंपनीने चार भाषांचा मेनू फुकट करून देतो म्हणून सांगितलं. कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी. भाषा निवडा, मग विक्री की दुरुस्ती निवडा, मग फोंडा की म्हापसा. आवाज वहिनींचाच घेतला होता. पहिल्याच आठवड्यात बेतकीकडचे एक म्हातारे भाटकार (जमीनमालक) त्या आवाजाशी बोलत बसले. निरोपात ते सगळं आलंय: “गो वयनी, हांव उलयतां, तूं आयक मगे.” म्हणजे, अगं वहिनी, मी बोलतोय, तू ऐक ना. मागे पंपाचा कोरडा घरघराट. त्यांनी काही दाबलं नाही, आणि ते दाबणारही नव्हते. वहिनींनी ती फीत ऐकली आणि म्हणाल्या, “भावजी, हे काढा. माझ्या आवाजात मी माणसांना टाळतेय असं वाटतं.” आता मेनूच नाही, फक्त एक वाक्य आणि लगेच रिंग. आयव्हीआर वाईट नाही; दवाखान्याला, कुरिअरवाल्याला हवाच. पण तुमचं गिऱ्हाईक माणसाला फोन करत असेल तर मेनू ठेवू नका. ठेवलाच तर काही न दाबल्यावर फोन थेट माणसाकडे जाईल असं सेटिंग नक्की करा. बऱ्याच ठिकाणी मुळात तो मेनू पुन्हा ऐकवायचं सेटिंग असतं.

फोन पुढे देण्याचेही दोन प्रकार आहेत. ब्लाइंड ट्रान्सफर म्हणजे ढकलून मोकळं व्हायचं. अटेंडेड म्हणजे आधी पलीकडच्याशी बोलायचं, “पाच एचपीची सबमर्सिबल आहे, बोअर खोल आहे, बोलतोस का?”, आणि मग जोडून द्यायचं. वहिनी दुसराच प्रकार वापरतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला तीच कर्मकथा दोनदा सांगावी लागत नाही.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण सुरुवातीचा महिना यातच गेला. विक्रेत्याने विचारलं, “स्पीड किती?” खरं तर स्पीड फारसा लागतच नाही. जी.७११ नावाचा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, ६४ केबीपीएस घेतो; वरचं वेष्टण धरून साधारण ८०-९०, तेही दोन्ही दिशांना. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आसपास. जी.७२९ तर ८ केबीपीएसवर भागवतो, पण आवाज थोडा पत्र्यासारखा येतो. अडचण येते ती जिटरची. आवाजाचे सहसा वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास. ते ठरल्या अंतराने पोचायला हवेत. पण आपल्याकडे स्टँडवर अर्धा तास बस नसते आणि मग तीन एकदम येतात, तसे हे तुकडे आले की बोलणं तुटक ऐकू येतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलताना अडखळायला होत नाही, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे. आमच्याकडे संध्याकाळी शेडमधली पोरं व्हिडिओ लावायची तेव्हाच आवाज फाटायचा. राउटरमध्ये क्यूओएस लावून फोनच्या तुकड्यांना पहिला मान दिला, तेव्हा तो त्रास गेला.

म्हापशाचं दुखणं वेगळं होतं. कॉल लागायचा, आमचा आवाज त्यांना जायचा, त्यांचा आमच्याकडे यायचा नाही. काही कॉल बरोबर अर्ध्या मिनिटाने आपोआप तुटायचे. भावाने फोन बदलला, वायर बदलली. दोष निघाला इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये: त्यात एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग चालू होतं. एसआयपी ही कॉल जोडणारी आणि तोडणारी भाषा. हे सेटिंग मदत करायच्या नावाखाली त्यातले पत्ते परस्पर बदलतं. मग आवाज भलतीकडे जातो, आणि ‘कॉल जोडला’ ही पोचपावती पलीकडे मिळत नाही. पावती नाही मिळाली तर साधारण ३२ सेकंद वाट बघून समोरचं यंत्र कॉल सोडून देतं, म्हणून ते अर्धं मिनिट. एएलजी बंद केलं, संपलं. एकतर्फी आवाज किंवा अर्ध्या मिनिटाने तुटणारा कॉल दिसला तर फोनला हात लावायच्या आधी हे बघा.

वीज. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, घरात काळोख असला तरी फोन चालायचा. इथे वीज गेली की फायबरचा डबा, राउटर, फोनच्या वायरी जोडायचा स्विच, फोन, सगळं गप्प. आम्ही पीओई स्विच घेतला, म्हणजे फोनला वीज नेटवर्कच्याच वायरीतून जाते. त्यामुळे तेवढा एक स्विच, राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घेतला की काम भागतं, प्रत्येक टेबलावर बॅकअप लागत नाही. जूनमध्ये झाड पडून फायबरच तुटली तेव्हा इन्व्हर्टरचा काय उपयोग? तिथे क्लाऊडचा फायदा कळला. फोन ठरावीक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतात. हजेरी थांबली की कॉल आपोआप मोबाइलवर वळतील असा नियम घातला होता. दिवसभर दुकानात नेट नव्हतं, गिऱ्हाइकांना पत्ताही नाही.

मोबाइलवरचं ॲप मला फारसं आवडलं नाही. फोनची बॅटरी वाचवायची सोय त्याला झोपवते, आणि कुळागरात उतरलेल्या फिटरला डेटा नसतोच. साधा कॉल वळवलेला बरा. कॉल रेकॉर्डिंगचा उपयोग एवढाच, की ‘मी दीड एचपी सांगितली होती’ हा वाद मिटतो. बँकेच्या मेनूत आकडे दाबलेले पोचत नसतील तर डीटीएमएफचं, म्हणजे दाबलेले आकडे पलीकडे पाठवायच्या पद्धतीचं, सेटिंग तपासायला सांगा. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. तो आपोआप लागेल असं करून घ्या, नाहीतर काउंटरवर रोज तीच कटकट.

सकाळी मी पहिल्यांदा उघडतो ते चुकलेल्या कॉलचं पान. कोण, किती वाजता, किती सेकंद थांबून गेला. पूर्वी हा आकडा नव्हताच, त्यामुळे काय गमावतोय तेही कळत नव्हतं. माझ्या मते अख्ख्या यंत्रणेतली ही सगळ्यात कामाची सोय, आणि पत्रकात ती ‘रिपोर्ट्स’ या एका शब्दात होती.

परदेशी कॉल बाहेर जाणं बंद ठेवा. इंटरनेटवर कुणी ना कुणी दिवसरात्र अशा एक्स्टेंशनचे पासवर्ड ठोकून बघत असतं, आणि एक सापडला तर रात्रीत परदेशी नंबरांवर बिल चढतं. आमचे गिऱ्हाईक गल्फातून, लंडनहून आई-वडिलांच्या घरच्या पंपासाठी फोन करतात, ते येणारे कॉल चालतातच; आपल्याला लावायचा तर व्हॉट्सॲप आहे. आणखी एक: सिमकार्डं भरलेला डबा बसवून देतो, कॉल निम्म्या पैशांत, असं सांगत कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा. परवाना असलेल्या कंपनीला टाळून इंटरनेटचे कॉल असे टेलिफोनच्या जाळ्यात सोडणं हा गुन्हा आहे, आणि पोलीस ज्याच्या दुकानात डबा त्याच्याकडे येतात.

दिवाळीला फोन कंपनीच्या कराराचं नूतनीकरण आहे. रेकॉर्डिंगची साठवण कमी करून घेणार, ॲपच्या लायसन्सचे पैसे वाचवणार आणि त्यातून फेब्रुवारी ते मेसाठी दोन चॅनल जास्त मागणार. हंगामापुरते चॅनल द्यायला कंपनी अजून तयार नाही, वर्षाचेच घ्या म्हणते. घासाघीस चालू आहे.