सोन्याचं मुसकं: रॉटवायलरसाठी घेतलेलं बास्केट मझल, आठ महिन्यांनंतर

किंमत 1,450 रुपये, साइज 5, रंग काळा. आधी साइज 4 मागवलं होतं, ते परत केलं. त्यात चूक माझीच होती, पुढे सांगते.

आमच्या कुत्र्याचं कागदोपत्री नाव टायसन. पुतण्यानं ठेवलेलं. तो कॅनडाला गेला, जाताना ‘काकू, सहाच महिने’ म्हणून याला आमच्याकडे सोडून गेला, त्याला तीन वर्षं होऊन गेली. ठाण्यात उपवन तलावावर सकाळी सहाला ‘टायसन, इकडे ये’ अशी हाक मारली की फिरायला आलेली आजोबा मंडळी कठड्याला चिकटतात. म्हणून मी त्याला सोन्या म्हणते. वजन 46 किलो. फटाके वाजले की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसतो आणि बादली त्याच्यापेक्षा लहान आहे हे त्याला अजून कळलेलं नाही.

मझलला आपल्याकडे सरळ शब्द आहे, मुसकं. माझं माहेर जुन्नरकडचं. कोळपणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला दोरीचं मुसकं बांधत, पीक खाऊ नये म्हणून. मुसकं बांधलेला बैल बघून कुणी कधी रस्ता बदलल्याचं मला आठवत नाही. कुत्र्याला बांधलं की मात्र लोक म्हणतात, बघा, चावरा असणार, उगाच का बांधलंय?

आमच्या सोसायटीत हा विषय निघाला मार्च 2024 मध्ये. केंद्र सरकारनं 12 मार्चला राज्यांना पत्र पाठवलं होतं, की पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ, केन कोर्सो वगैरे 23 जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, विक्री थांबवा आणि जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करून घ्या. यादीत नुसतं ‘टेरियर्स’ असंही एक नाव होतं, म्हणजे घरातल्या कुठल्या चिमुकल्याला ते लागू व्हायचं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ते पत्र आमच्या ग्रुपवर एका सकाळी अकरा वेळा आलं. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलंय म्हणून. ही बातमी ग्रुपवर एकदाच आली आणि ती मी टाकली होती. लिफ्टमधली ‘मोठ्या जातीच्या कुत्र्यांना मझल आवश्यक’ ही चिठ्ठी तशीच राहिली.

भांडता आलं असतं. मी भांडले नाही, त्याचं कारण माझी नोकरी. 28 वर्षं मी सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, त्यातली सहा इंजेक्शनच्या खोलीत. कुत्रा चावलेले रोज यायचे. आमच्या रजिस्टरात पाळीव की भटका एवढाच रकाना होता, जातीचा नव्हता, आणि विचारलं तरी निम्म्यांना सांगता आलं नसतं. पण जखमा आठवतात. पॉमेरियन चावला की दोन टिंबं आणि एक ओरखडा, पेशंट चालत यायचा. मोठा कुत्रा चावलेला एक मुलगा आला होता, त्याच्या दंडाचं मांस लोंबत होतं. तो कुठल्या जातीचा होता देव जाणे. जबडा मोठा होता एवढं नक्की.

पुतण्या तिकडून अभ्यासाच्या लिंका पाठवत असतो. ‘सायन्स’ नियतकालिकात 2022 साली आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते. एखादा कुत्रा कसा वागेल यातला जातीवरून सांगता येणारा भाग निघाला साधारण 9 टक्के. त्याआधी 2008 च्या एका पाहणीत माणसांवर धावून जाण्यात पुढे निघाले ते डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल, म्हणजे मांडीवर बसणारी मंडळी. पुतण्या खूश. मी त्याला उलट तिकडचीच एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1979 ते 1998 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात गेलेल्या 238 जणांचा अभ्यास झाला होता, त्यात निम्म्याहून जास्त मृत्यूंत पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. जात ओळखण्यात चुका होतात, असे कुत्रे मुद्दाम राखणीला बांधून ठेवतात, सगळं मान्य. पण त्यातले निम्म्याहून जास्त काही डॅशहुंडनं मारले नव्हते. जातीची बदनामी अर्धी खोटी आहे आणि उरलेल्या अर्ध्याचं ओझं मालकानं उचलायचं, या मतावर मी आले. 1,450 रुपयांत ते उचललं जात असेल तर स्वस्तच म्हणायचं.

आता वस्तूबद्दल.

सुरुवातीला मी जवळच्या दुकानातून नायलॉनचं मझल आणलं होतं, 250 रुपयांचं, तोंडाभोवती नळीसारखं बसणारं. ते घेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः तोंड उघडून धापा टाकूनच थंड होतो, आणि हे मझल तोंडच मिटून टाकतं. मे महिन्यात सकाळी साडेआठला पोखरण रोडवरून परत येताना सोन्या गेटपाशी पुढचे पाय दुमडून बसला. घशातून घर्रघर्र. काढून बघितलं तर जीभ गडद झालेली. वॉचमनच्या पिंपातलं पाणी पोटावर, पंजांवर ओतलं, तेव्हा दहा मिनिटांनी उठला. इतकी वर्षं माणसांचे श्वास मोजले आणि घरच्या कुत्र्याच्या वेळी ध्यानात आलं नाही, याची लाज अजून वाटते. डॉक्टरांकडे दोन मिनिटांपुरतं ते ठीक असेल.

हे बास्केटचं, म्हणजे जाळीच्या टोपलीसारखं, मऊ रबरासारखं आहे. आत तोंड पूर्ण उघडतं, जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं. मात्र भांडं खोल हवं, ताटलीतलं पाणी समोरच्या जाळीला लागतं आणि हा नुसता फुगे काढत बसतो. माप घेताना माझं चुकलं ते असं. मी टेपनं मिटलेल्या तोंडाचा घेर घेतला. घेर तोंड उघडं असताना घ्यायचा. डोळ्यांच्या खालपासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी वेगळी, आणि त्यात थोडी जागा धरायची, नाक जाळीला टेकता कामा नये. कंपनीचा तक्ता इंचात आहे, टेपची सेंटिमीटरची बाजू वाचू नका. बदलून द्यायला त्यांनी नऊ दिवस घेतले.

सवय लावायला पंधरा दिवस द्या. पहिले पाच दिवस पट्टा बांधायचाच नाही. मी मुसकं वाटीसारखं हातात धरायचे, तळाशी पनीरचा तुकडा, तो आपणहून तोंड घालायचा. मग शेंगदाण्याचा कूट दह्यात कालवून आतून जाळीला लावला, चाटत बसे. सहाव्या दिवशी पट्टा, दहा सेकंद. आता मुसकं खुंटीवरून काढलं की शेपटीचा खुंट हलवत समोर येऊन बसतो, कारण त्याच्या मते ते पनीरचं भांडं आहे. यजमान म्हणतात, मला कधी इतक्या प्रेमानं काही चारलं नाहीस.

ऑगस्टमध्ये त्याचा कान सुजला. पावसाळ्यात होतं. डॉक्टरकडे टेबलावर उभा केला, मी डोकं धरलं. मुसकं घालू की नको असा माझा विचार चालला होता, घरचा कुत्रा, डॉक्टर ओळखीचे. तेच म्हणाले, आणलंय तर घाला. त्यांनी कानात नळी घातली आणि सोन्या असा फिरला की मला काही दिसलंच नाही. मुसक्याचं पुढचं टोक डॉक्टरांच्या हातावर आदळलं, ठोशासारखं. मनगटाच्या वर काळंनिळं झालं. मुसकं नसतं तर तिथं काय झालं असतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. माझे पाय लटपटत होते. डॉक्टर हात चोळत म्हणाले, ‘दुखलं की सगळेच चावतात, ताई. याचा जबडा मोठा, इतकंच.’ सोन्या तोवर त्यांचा कोट हुंगत होता.

त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणायचे. आता नाही म्हणत.

नवव्या मजल्यावरचा पॉमेरियन मात्र अजून काही करत नाही. त्यानं आमच्या वॉचमनची पोटरी धरली तेव्हा ‘तो खेळतो हो’ असं उत्तर मिळालं. वॉचमनला मी बागेच्या नळाखाली बसवलं, साबण लावून घड्याळी पंधरा मिनिटं पाय धुतला आणि इंजेक्शनला पाठवलं. 0, 3, 7, 14, 28 असे पाच दिवस, दर वेळी अर्धी रजा. कागदावर कायदा दोघांना एकच आहे, भारतीय न्याय संहितेचं 291 कलम जनावराबाबत निष्काळजी राहणाऱ्याला पकडतं, त्यात जातीचं नाव नाही. लिफ्टमधल्या चिठ्ठीत मात्र अजून ‘मोठ्या जातीच्या’ असंच आहे.

तक्रारी. बकल लोखंडी आहे, जुलैतच गंजलं. पट्ट्याच्या आतलं अस्तर लाळ आणि पाऊस दोन्ही पिऊन ठेवतं, आठवड्याला दोनदा धुवावं लागतं. कपाळावरून जाणारा पट्टा वेगळा घ्यावा लागतो, 200 रुपये, आणि तो नसेल तर मोठा कुत्रा पंजानं मुसकं दोन मिनिटांत काढतो. लिफ्टमध्ये सोन्या प्रेमानं गुडघ्यात डोकं घुसवतो तेव्हा ते जोरात लागतं, माझ्या दोन्ही गुडघ्यांवर खुणा आहेत. आणि रंग. काळ्या तोंडावर काळं मुसकं, लांबून तो दरोडेखोरच दिसतो. पिवळं किंवा आकाशी काढा, मी दुसरं घेईन. साडेतीन तारे देते, इथे अर्धा देता येत नाही म्हणून चार दिसतील.

बकल मी वागळे इस्टेटला बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडून बदलून घेतलं, स्टीलचं, 80 रुपये. मुसकं हातात उलटसुलट करून ते म्हणाले, बैलाला रबराचं कधीपासून घालायला लागले? म्हटलं, मामा, कुत्र्याचं आहे. ‘एवढं?’ म्हणून त्यांनी बाहेर रिक्षाकडे बघितलं. सोन्या मागच्या सीटवर बसला होता, जीभ बाहेर. मी पाकीट काढलं तर म्हणाले, ‘पैशाची घाई नाही, आधी हे त्याला घाला.’