रीफ टाकीसाठी किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पाण्यात साचणारे नायट्रेट आणि फॉस्फेट कमी व्हावे म्हणून गेल्या डिसेंबरपासून मी माझ्या २०० लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, रोज व्हिनेगर घालत आहे. व्हिनेगर साधेच, किराणा दुकानातले, लेबलवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले आणि ४ टक्के आम्लाचे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहिली बाटली मागितली तेव्हा दुकानदाराने वरच्या फळीवरची धूळ झटकत विचारले होते, “हे तं चायनीजच्या गाडीवाल्यासाठी ठेवतो जी, सर. तुमाले कायले लागते?” मासळीसाठी म्हटल्यावर त्याची समजूत अशी झाली की मी मासे मुरवून खाणार आहे, आणि ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

पाण्यातल्या जिवाणूंना वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिन्ही लागतात. समुद्रातल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात हे प्रमाण सरासरी १०६:१६:१ अणू असे आढळते, ज्याला रेडफिल्ड गुणोत्तर म्हणतात. माशांच्या खाद्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीत सतत येत राहतात, तुटवडा पडतो तो सहज पचणाऱ्या कार्बनचा. तो व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लातून मिळाला की जिवाणू भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट स्वतःच्या शरीरात ओढून घेतात आणि मग स्किमरच्या, म्हणजे पाण्यात फेस करून त्याबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, कपात जाऊन बसतात. म्हणजे व्हिनेगर स्वतः काहीच बाहेर काढत नाही. ते काम स्किमरचे आहे, आणि ज्याच्याकडे बरा स्किमर नाही त्याने हे पुढे वाचून उपयोग नाही.

परदेशातले अनेक हौशी लोक याच कामासाठी व्होडका वापरतात. ४० टक्क्यांच्या व्होडकाच्या एका मिलिलिटरात जेवढा कार्बन असतो तेवढ्यासाठी माझे व्हिनेगर सुमारे १० मिलिलिटर लागते, त्यामुळे व्होडकाची बाटली कितीतरी जास्त पुरते. पण शेजारच्या चंद्रपूरची २०१५ साली लागलेली दारूबंदी २०२१ साली उठली, तरी सेवाग्रामच्या या जिल्ह्यात ती कायम आहे, आणि बाटली माझी नसून माशांची आहे हा खुलासा कोणत्याही ठाण्यात टिकेल असे मला वाटत नाही. मत्स्यालयासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार बाटल्याही मिळतात, पण त्या कुरिअरने मागवाव्या लागतात आणि त्यांची किंमत हजाराच्या पुढे जाते. माझी ७०० मिलिलिटरची बाटली साठ रुपयांच्या आत येते आणि महिनाभर पुरते. घेताना एवढेच पाहावे की द्रव पाण्यासारखा स्वच्छ आहे आणि घटकांत रंग किंवा मसाला नाही.

डिसेंबरमध्ये माझ्या टाकीत नायट्रेट ४० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.१८ पीपीएम होते. त्यात माशांइतकाच दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात भूजलात नायट्रेट असणे नवे नाही, आणि माझ्या आरओची मेम्ब्रेन म्हातारी झाल्यामुळे ते रोज भरपाईच्या पाण्यातून टाकीत उतरत होते. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. माणसाला चालणारे ते पाणी रीफला मुळीच चालत नाही. मी आधी मेम्ब्रेन बदलली आणि मगच व्हिनेगर सुरू केले. हाच क्रम ठेवावा, नाहीतर एका हाताने घालायचे आणि दुसऱ्या हाताने काढायचे असा खेळ चालू राहतो.

सुरुवात रोज २ मिलिलिटरने केली आणि दर आठवड्याला २ मिलिलिटर वाढवत गेलो. पहिले पाच आठवडे टेस्ट किटच्या नळीतला गुलाबी रंग जवळपास तसाच राहिला आणि आपण लोणच्याचे सामान वाया घालवतो आहोत असे घरच्यांसकट मलाही वाटू लागले. सहाव्या आठवड्यात स्किमरच्या कपात चहासारख्या पाण्याऐवजी दाट, काळपट आणि कमालीचा दुर्गंधी गाळ जमू लागला, आणि दहाव्या आठवड्याअखेर, मात्रा २० मिलिलिटरवर असताना, नायट्रेट ८ पीपीएमवर आले. फॉस्फेट मात्र ०.१२ च्या खाली सरकेना. नायट्रेट झपाट्याने उतरते आणि फॉस्फेट रेंगाळते हा या पद्धतीचा नेहमीचाच अनुभव आहे. त्यासाठी मी थोडे लोहयुक्त फॉस्फेट शोषक वेगळे वापरले. दोन्ही शून्यावर नेण्याचा मोह मात्र टाळला. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने माझ्या टाकीत झोअँथस, मशरूम आणि लेदर असे मऊ प्रवाळच आहेत, आणि पाणी फार उपाशी झाले की झोअँथस मिटून बसतात.

आता तक्रारीचा भाग, जी व्हिनेगरपेक्षा माझ्यावरच जास्त आहे. मात्रा दिवसभरात थोडीथोडी जावी म्हणून मी लहान डोसिंग पंप बसवला आणि सोयीचे म्हणून त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात लावली. स्किमर आणि मोठा पंप थेट लाइनवर होते. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आले, खांब पडला आणि लाइन गेली ती तब्बल २६ तासांनी आली. तेवढ्या वेळात डोसिंग पंप संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या पण पंप बंद असल्याने पाणी थांबलेल्या वेगळ्या भांड्यात, इमानाने व्हिनेगर सोडत राहिला आणि लाइन येताच ते सगळे एकदम टाकीत गेले. पाणी तेव्हा ३१ अंशांवर होते. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना प्राणवायू लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना तोच ६.२ च्या आसपास येतो, आणि ऐन वेळी उफाळलेले जिवाणू त्यातलाही वाटा घेतात. सकाळी टाकी ताकासारखी पांढरी झाली होती आणि तिन्ही क्रोमिस मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. दोन एअर पंप लावून आणि व्हिनेगर बंद ठेवून दोन दिवसांत पाणी निवळले, मासे वाचले, पण एक क्लीनर झिंगा गेला.

आता डोसिंग पंप आणि स्किमर एकाच बोर्डावर आहेत, म्हणजे स्किमर थांबला की व्हिनेगरही थांबते. रात्री टाकीचा पीएच आणि प्राणवायू दोन्ही आधीच उतरलेले असतात, म्हणून मात्रा फक्त सकाळी सात ते संध्याकाळी सहा यांतच जाते. नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवावे लागते. पाण्यात बुडलेल्या टोकावर आठवड्याभरात शेवाळासारखी दिसणारी पांढरी, चिकट साय धरते आणि नळी बंद होते.

या व्हिनेगरला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो संथपणासाठी, कारण पाचसहा आठवडे काहीच दिसत नाही आणि अधीर माणूस त्याच काळात मात्रा दुप्पट करून टाकी खराब करतो. ज्यांच्याकडे लाइन वारंवार जाते आणि स्किमरला आधार देईल असा इन्व्हर्टर नाही, त्यांनी एप्रिल ते जून हे बंदच ठेवून दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे. मी स्वतः जूनपासून मात्रा १२ मिलिलिटरवर आणली असून नायट्रेट ५ ते ८ च्या दरम्यान टिकून आहे.